बोर्डावरची मान्यता आणि आक्काची फाईल

माझी थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, गारगोटीजवळच्या एका गावात राहते. वय ५८. डिसेंबर २०२४ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि सप्टेंबर २०२५ च्या शेवटी मुख्य उपचार संपले. सगळे उपचार कोल्हापुरातच झाले. या काळात आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद झाले ते आजारावरून नाही, हॉस्पिटलच्या दारावरच्या बोर्डावरून. बोर्डावर लिहिलं होतं, 'राष्ट्रीय मान्यताप्राप्त कर्करोग उपचार व संशोधन केंद्र'. ही मान्यता कुणी दिली, कशासाठी दिली, आणि गारगोटीच्या एसटीतून उतरून येणाऱ्या बाईला तिचा उपयोग काय, हे मराठीत एका जागी मला कुठे सापडलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे शिक्के, मुदती आणि जावक क्रमांक बघायची सवय तेवढी आहे.

गाठ दुखत नव्हती. त्यामुळे दिवाळी होऊन जाईपर्यंत आक्का कुणाला काही बोललीच नाही. गारगोटीच्या डॉक्टरांनी हात लावताच कोल्हापूरला पाठवलं. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीला तीन हजारांच्या आत खर्च आला, सुईने तुकडा काढून तपासायला सातेक हजार. रिपोर्ट यायला आठवडा गेला. मग कळलं की गाठीवर ईआर, पीआर आणि हर-टू या, म्हणजे गाठ कोणत्या औषधांना दाद देईल ते सांगणाऱ्या, तपासण्या करायच्या आहेत, त्याला आणखी पाच-सहा हजार आणि आणखी एक आठवडा. तुकडा द्यायच्या वेळीच लॅबला विचारून ठेवा, की रिपोर्ट कर्करोगाचा आला तर या पुढच्या तपासण्या तुम्ही लगेच लावाल का. आमचा तो आठवडा वाचला असता. आणि काचेच्या स्लाइड व तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या. दुसरीकडे मत घ्यायचं झालं तर नुसत्या रिपोर्टच्या कागदावर काम भागत नाही, तिथले डॉक्टर ब्लॉक मागतात.

रिपोर्ट हातात आला त्या रविवारी सगळे माझ्याकडे राजारामपुरीत जमले. कोल्हापुरात कुणाला कॅन्सर म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढा, मुंबईला टाटाला जा. त्यात चूक काही नाही, आमच्या ओळखीतली कितीतरी माणसं परळला जाऊन बरी होऊन आली आहेत. पण जानेवारीत दाजींचा ऊस बिद्रीच्या साखर कारखान्याला जायचा होता, मुंबईत राहायला कुणाचं घर नाही, आणि उपचार सहा-आठ महिने चालणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भाचा म्हणाला, "मावशी, इथल्या हॉस्पिटलला राष्ट्रीय मान्यता आहे. म्हणजे टाटाच्या बरोबरीचंच झालं की." दाजींनी त्याच बोर्डावरचा दुसरा शब्द धरला. "संशोधन केंद्र म्हंजे आपल्यावर प्रयोग करत्यात काय?"

दोघांचंही मला पटत नव्हतं, पण खोडून काढायला हाताशी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्धी रजा टाकून हॉस्पिटलात गेले.

चौकशीच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "सरकारची मान्यता आहे मॅडम." कोणत्या खात्याची? तिला माहीत नव्हतं. पण तिने टाळलं नाही, आत जाऊन एका बाईंना बोलावून आणलं. त्या संशोधन विभागाच्या समन्वयक होत्या. त्यांनी मला भिंतीवरच्या चौकटींपाशी नेलं आणि तिथे माझ्या लक्षात आलं, की मान्यता एक नव्हती, चार-पाच होत्या. प्रत्येकीचं खातं वेगळं, उद्देश वेगळा, मुदत वेगळी.

पहिली चौकट एनएबीएचची. भारतीय गुणवत्ता परिषदेचं हे मंडळ हॉस्पिटलांची तपासणी करतं: औषध देताना पेशंटची ओळख दोनदा पडताळतात का, जंतुसंसर्गाच्या नोंदी ठेवतात का, संमतीपत्र नीट घेतात का, तक्रार कुठे नोंदवायची. म्हणजे कामाची शिस्त. डॉक्टर किती हुशार आहेत ते त्यातून कळत नाही. यातही प्राथमिक पातळी आणि पूर्ण मानांकन असे प्रकार आहेत, तेव्हा प्रमाणपत्रावर काय लिहिलंय ते वाचावं.

दुसरी चौकट, जिच्यामुळे बोर्डावर 'संशोधन' आलं होतं, ती केंद्र सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची, म्हणजे डीएसआयआरची. हा विभाग विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयात १९८५ पासून आहे आणि १९८८ पासून तो 'वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन संस्था' अशी मान्यता देतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला 'सायरो' म्हणतात. संस्थेत खरोखर संशोधन चालतं का, त्याला माणसं, जागा, उपकरणं आणि वेगळा हिशोब आहे का, हे बघून ती मिळते. मिळाल्यावर संस्थेला संशोधनासाठी परदेशातून आणलेल्या उपकरणांवर सीमाशुल्कात सवलत मिळते. मी विचारलं, "मग पेशंटचं बिल कमी होतं का?" बाई हसल्या. "तसं थेट नाही हो. ही संस्थेच्या संशोधनाची मान्यता आहे. उपचाराला मार्क देणारी नव्हे."

हे उत्तर मला फार आवडलं. वर्तमानपत्रात अशा मान्यतेच्या बातम्या पेढे वाटल्यासारख्या येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की आता इथे काहीतरी नवीन औषध मिळणार. तसं काही नसतं. पेशंटला त्यातून मिळतं ते असं, की संशोधन मान्य असलेल्या ठिकाणी नोंदी नीट ठेवाव्या लागतात, पेशंटचा पाठपुरावा वर्षानुवर्षं करावा लागतो, आणि चाललेल्या अभ्यासात आपल्याला बसता येतं का हे विचारायला कुणीतरी तिथे असतं. हे थोडं नाही. पण बोर्ड बघून जे वाटतं तेही नाही.

त्या चौकटीतल्या कागदावरची मुदत संपलेली होती. मी बोट दाखवलं. बाईंनी आतून नूतनीकरणाचं पत्र आणून दाखवलं, फक्त भिंतीवरचा कागद बदलायचा राहिला होता. या मान्यता थोड्या वर्षांसाठीच असतात, परत अर्ज करावा लागतो. डीएसआयआर आणि एनएबीएच दोघांच्याही संकेतस्थळांवर याद्या आहेत, घरी बसून नाव शोधता येतं. चौकट बघितली तर खालच्या कोपऱ्यातली तारीख आधी बघा.

तिसरा कागद चौकटीत नव्हता, फाइलीत होता, आणि माझ्या मते पेशंटच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा: नैतिकता समितीची नोंदणी. माणसांवर कोणताही अभ्यास करायचा तर तो आधी या समितीपुढे जातो. नव्या औषधांच्या चाचण्या असतील तर समितीची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे लागते, इतर वैद्यकीय संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे. २०१९ च्या नियमांनुसार समितीत किमान सात माणसं हवीत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा, निम्मे सदस्य बाहेरचे हवेत. त्यात एक कायद्याचा जाणकार, निदान एक बाई, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक साधा माणूस. हे ऐकल्यावर दाजी पहिल्यांदा जरा सैल झाले. "साधा माणूस म्हंजे आमच्यासारखा?" म्हटलं, होय, तुमच्यासारखाच.

चौथं, नॅशनल कॅन्सर ग्रिडचं सदस्यत्व. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये हे जाळं सुरू झालं आणि आज देशातली तीनशेच्या वर केंद्रं त्यात आहेत. पेशंटने मुंबईला यायची गरज कमी व्हावी, कोणत्या टप्प्याला काय उपचार द्यायचे हे सगळीकडे सारखं असावं, हा त्यामागचा विचार. ग्रिडची उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. मी स्तनाच्या कर्करोगाचं पान उघडून आक्काचा रिपोर्ट शेजारी ठेवला. सगळं समजलं असं नाही, पण डॉक्टरांनी सांगितलेला क्रम आणि तिथला क्रम एकच होता. त्या रात्री मला झोप लागली. ग्रिडने सदस्य केंद्रांसाठी ४० औषधांची एकत्रित खरेदी केली तेव्हा किमती २३ ते ९९ टक्क्यांपर्यंत खाली आल्या होत्या. बिलावर थेट परिणाम करणारी गोष्ट शोधायची तर ती ही. आपलं केंद्र त्या खरेदीत आहे का, हे औषधांच्या खिडकीवर विचारण्यासारखं आहे. आणि मनातून टाटाचं मत हवंच असेल तर टाटा व ग्रिडशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे, तिथे रिपोर्ट पाठवून लेखी मत घेता येतं.

भाच्याला मी इतकंच सांगितलं, की टाटाच्या बरोबरीचं नाही, पण टाटाशी जोडलेलं आहे. आक्काचं दुखणं इथे होण्यासारखं आहे. दुर्मीळ प्रकार निघाला असता तर मीच तिकीट काढलं असतं. ज्यांना मुंबईला जावं लागतं त्यांच्यासाठी: उपचाराला जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला त्यात ७५ टक्के सवलत असते. हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात दाखला घ्यावा लागतो.

आता पैशांचं. इथे एक गोष्ट ठळक करून सांगते, कारण आमच्या वॉर्डातल्या दोन घरांची त्यावरून धावपळ झालेली मी बघितली. राष्ट्रीय मान्यता असणं आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अंगीकृत असणं, म्हणजे योजनेच्या यादीत असणं, यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एखाद्या केंद्राला सगळ्या मान्यता असतील आणि योजना नसेल, असं होऊ शकतं. योजना असेल पण किरणोपचाराला लागू नसेल, असंही होऊ शकतं. त्यामुळे दारात आरोग्यमित्राचं, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधायचं आणि आपल्या आजाराच्या तिन्ही उपचारांना, शस्त्रक्रिया, केमो आणि लाइट (म्हणजे किरणोपचार), योजना लागू आहे का ते वेगवेगळं विचारायचं. फोनवर विचारायचं तर १५५३८८.

योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आक्काचं कार्ड केशरी. अडलं ते नावावर. शिधापत्रिकेवर तिचं सासरचं नाव होतं आणि आधारवर मधलं नाव माहेरचं राहिलेलं. आरोग्यमित्राने सांगितलं की असं प्रकरण मंजुरीला पाठवलं तर शंका काढून परत येईल. दाजी गारगोटीच्या तहसील कार्यालयात, मी कोल्हापुरात आधार केंद्रावर. ऊस तोडायला आलेल्या टोळीला सोडून दाजी किती वेळा तिथे बसले असतील, तेच जाणोत. जानेवारीचा दुसरा आठवडा त्यात गेला. निदान झालं नसलं तरी घरातल्या सगळ्यांची नावं दोन्ही कागदांवर एकदा ताडून बघा, इतकंच म्हणेन.

नाव दुरुस्त झाल्यावर मंजुरी मात्र पटकन आली, दोन-तीन दिवसांत. फाइलीला बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, सीटी, आणि ट्यूमर बोर्डाचा कागद जोडला होता. ट्यूमर बोर्ड म्हणजे शस्त्रक्रिया, केमो आणि लाइट देणारे डॉक्टर एकत्र बसून पेशंटचा क्रम ठरवतात ती बैठक. एकाच डॉक्टरच्या मनावर सगळं नाही, हे मला मोठं वाटलं. त्या कागदाची झेरॉक्स मागून ठेवा.

जानेवारीच्या शेवटी शस्त्रक्रिया झाली. स्तन न काढता गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. दोन ग्रंथींत आजार निघाला, म्हणून केमो आणि नंतर लाइट, दोन्ही ठरलं. गाठीचा तुकडा तपासून उरला तर तो संशोधनासाठी ठेवू का, असं एक वेगळं संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या आधी पुढे आलं. आक्काने विचारलं, "टाकूनच देणार नव्हं?" आणि सही केली. त्याच कागदावर पुढे जास्तीचं रक्त देण्याचा रकाना होता. तिथे तिने "नको" म्हणून सांगितलं. सुया आधीच खूप टोचून झाल्या होत्या. कुणी आग्रह केला नाही, वागणुकीत फरक पडला नाही. हे मी मुद्दाम टिपून ठेवलं होतं.

केमोबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिलेलं पुष्कळ आहे. आधी दर तीन आठवड्यांनी लाल औषध, मग मेपासून दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध. दुसऱ्या डोसच्या आधीच केस गेले. लाल औषधाने लघवी लाल होते, घाबरू नका, पण कुणीतरी आधी सांगायला हवं असतं. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की डोस पुढे जातो, म्हणून आदल्या दिवशी गारगोटीतच रक्त तपासून रिपोर्ट मोबाईलवर पाठवायचा. नाहीतर ५० किलोमीटर येऊन तसंच परत जावं लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण केमोनंतर वाटेतल्या मुधाळ तिट्ट्यापर्यंत उभ्याने जायचं म्हणजे अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? जुलैत पाऊस लागल्यावर रस्ता बंद होईल या धास्तीने तिला माझ्याकडेच ठेवून घेतलं. लाल औषधाच्या आधी हृदयाची टू-डी एको, पेशी वाढवायची काही इंजेक्शनं, प्रवास, पथ्याचं. योजनेबाहेर खिशातून गेलेले पैसे धरले तर सगळे मिळून ५० हजारांच्या घरात. त्यातले निम्म्याहून जास्त मंजुरीच्या आधीच्या तपासण्यांवर गेले.

ऑगस्टमध्ये केमो संपली आणि संशोधन केंद्राचं दुसरं अंग समोर आलं. लाइट देणाऱ्या डॉक्टर बाईंनी सांगितलं की किरणोपचाराच्या दोन वेळापत्रकांची तुलना करणारा एक अभ्यास इथे चालू आहे, आक्का त्यात बसते, घ्यायचं का. आपल्याकडे आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत १५ वेळा लाइट देतात. ब्रिटनमध्ये चार हजारांवर पेशंटचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. त्यात एका आठवड्यात ५ वेळा देऊनही पाच वर्षांनंतरचा निकाल १५ वेळांपेक्षा वाईट नव्हता. एकूण मात्रा ४० ग्रेऐवजी २६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). आता आपल्याकडच्या बायकांमध्ये, ग्रंथींना लाइट द्यावा लागतो तेव्हाही, हे तसंच जमतं का ते बघायचं होतं.

दाजींचा जुना प्रश्न परत आला. म्हणजे प्रयोगच की. डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हो, अभ्यास आहे. पण प्रयोग म्हणजे दरवेळी न बघितलेलं औषध टोचणं नव्हे." मग त्यांनी एक उदाहरण दिलं, ते मी घरी येऊन वाचलं आणि खरं निघालं. स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे जागा बधिर करायचं स्वस्त, जुनं औषध टोचलं तर फरक पडतो का, हे टाटाच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांनी १,६०० बायकांवर तपासलं. २०२३ मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनंतर आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्के. औषध कंपनीला यात नफा नाही, म्हणून असा अभ्यास परदेशातून आपल्यासाठी कुणी करून पाठवणार नाही. इथल्याच बायकांनी सह्या केल्या म्हणून तो झाला.

दाजींनी विचारलं, "मग यातलं चांगलं कुठलं, ते तुम्हीच सांगा की." त्या म्हणाल्या, "मला ठाम माहीत असतं तर अभ्यासाची गरजच नव्हती. कोणता गट मिळेल ते संगणक ठरवतो. मीही नाही." हे पचायला सगळ्यात जड गेलं. आपल्याकडे डॉक्टरला माहीत नाही हे ऐकायची सवय कुणाला आहे?

माहितीपत्रक मराठीत होतं, नऊ-दहा पानांचं. सरकारी मराठी, पण कळेल असं. घरी न्यायला दिलं. आम्ही तिघं दोन संध्याकाळी ते वाचत बसलो आणि पेन्सिलीने खुणा केल्या. काय बघितलं ते सांगते. कोणताही गट मिळाला तरी पैसे भरायचे नाहीत. केव्हाही बाहेर पडता येईल आणि पडलं तरी नेहमीचा उपचार चालू राहील. अभ्यासामुळे इजा झाली तर त्यावरचा उपचार मोफत. जास्तीच्या फेऱ्यांना प्रवासखर्च. नाव कुठे छापलं जाणार नाही. शेवटच्या पानावर दोन फोन नंबर होते, एक डॉक्टरांचा आणि एक नैतिकता समितीच्या सचिवांचा. दुसऱ्या नंबरवर मी खरंच फोन लावला, कुणी उचलतं का बघायला. उचलला.

त्याच पत्रकावर सीटीआरआयचा क्रमांक होता. ही देशातल्या वैद्यकीय अभ्यासांची सरकारी नोंदवही, २००७ पासून आहे. २०१८ च्या एप्रिलपासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी व्हावी लागते. संकेतस्थळावर क्रमांक टाकला की अभ्यास कुठे चाललाय, किती पेशंट घेणार, कोणत्या समितीने मंजुरी दिली, सगळं दिसतं. आमच्या हॉस्पिटलचं नाव यादीत होतं आणि समितीपुढे 'मंजूर' होतं. ज्या अभ्यासाच्या पत्रकावर हा क्रमांक नाही, तिथे आधी तो का नाही हे विचारा. जो अभ्यास पैसे मागतो, तिथे आणखी जोरात विचारा.

आक्का सातवी शिकलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आठवड्यात सुटलो तर बरंच. न्हाई सुटलो तर तीन आठवडे तुझ्याकडं जेवतो. सही करतो मी." सही करताना समन्वयक बाईंनी तिलाच विचारलं, की काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. दाजी मध्ये बोलायला लागले तर त्यांना थांबवलं. पेशंटला वाचता येत नसेल तर संस्थेशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. संमतीपत्राची एक प्रत आपल्याला मिळते, ती फाइलीत लावा.

संगणकाने पंधराचा गट दिला.

घरात नाराजी झाली, खोटं कशाला सांगू. भाच्याने तर दुसरीकडे विचारू या, म्हणून फोन फिरवायला सुरुवात केली होती. दाजींना वाटलं, ओळखीच्या माणसाला पाच दिलं असेल. मी समन्वयक बाईंना तसं स्पष्टच विचारलं. त्यांनी सांगितलं की चिठ्ठी इथे निघत नाही, दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रणेतून येते, इथल्या कुणाला ती बदलता येत नाही. म्हणाल्या, "बाहेर पडायचं तर आत्ता पडा, मी फॉर्म देते." आक्काच नको म्हणाली. पंधरा म्हणजे काही कमी उपचार नाही, तोच तर नेहमीचा आहे, हे तिला आमच्याआधी कळलं होतं.

अनंत चतुर्दशी झाली आणि ८ सप्टेंबरच्या सोमवारी लाइट सुरू झाला. त्याआधी सीटीवर आखणी करून अंगावर ठिपके देतात, त्यावर साबण घासायचा नाही. प्रत्यक्ष लाइट काही मिनिटांचा, वाट बघणं तासाचं. मशिनला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो, तो दाराशेजारी लावलेला होता. तिसऱ्या आठवड्यात कातडी काळवंडली, काखेत चरचर झाली. सुती सैल झंपर आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम, बाकी काही लावलं नाही. शेवटचे दिवस नवरात्रात आले. रिक्षावाले अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वाराच्या बाजूने यायला तयार नसत, म्हणून वेळ सकाळची मागून घेतली. मागितली तर देतात. शुक्रवारी, २६ तारखेला संपलं.

अभ्यासात नसलेल्या बायकांनाही तोच लाइट, त्याच मशिनवर, तेच डॉक्टर. फरक पडला तो नंतर. संशोधन विभागातून ठरल्या वेळी फोन येतो: हात वर जातो का, सूज आहे का, कामाला लागलात का. हाताला सूज सुरू झाली आहे हे आक्काने अशाच एका फोनवर सांगितलं, नाहीतर ती पुढच्या तपासणीपर्यंत बोललीच नसती. फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम बदलून दिला, सूज आता आटोक्यात आहे.

ऑक्टोबरपासून हार्मोनवर काम करणारी लेट्रोझोलची गोळी रोज एक, निदान पाच वर्षं. या गोळीने हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि हाडांची डेक्सा तपासणी. गोळी योजनेत मिळत नाही असं आमच्या आरोग्यमित्राने सांगितलं, पण जनऔषधीच्या दुकानात ती ब्रँडच्या मानाने बरीच स्वस्त पडते, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. दर तीन महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी आहे. मॅमोग्राफीला जाताना मागच्या वर्षीची फिल्म न्यायची आहे. ती दाजींनी ट्रंकेत ठेवली आहे, तिथून काढून माझ्याकडे आणायला सांगितलं आहे.